एकच क्रमांक, दोन देश

२०२५ सालच्या मे महिन्यात आपल्या देशाविषयीचे दोन आकडे थोड्याच दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. पहिला आकडा संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालातला होता. १९३ देशांच्या यादीत भारताचा क्रमांक १३० वा लागतो, असे त्या अहवालात नमूद केले होते. दुसरा आकडा नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितला : भारत आता जगातील चौथ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था झाला आहे. या दुसऱ्या आकड्याचे स्वागत वाजतगाजत झाले आणि त्याच्या खरेखोटेपणावर अर्थतज्ज्ञांमध्ये वादही झडले. पहिला आकडा मात्र आला तसा गेला. त्या १३० व्या क्रमांकावर भारत एकटा नव्हता, ही गोष्ट तर फारच थोड्यांच्या ध्यानात आली. त्याच क्रमांकावर, त्याच ०.६८५ या निर्देशांकानिशी, बांगलादेशही होता.

भारत व बांगलादेश यांची तुलना निघाली की आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एका पक्षाला हा विषयच हास्यास्पद वाटतो. ज्या देशाला आपण १९७१ साली स्वतंत्र होण्यास हात दिला, तो आपल्या बरोबरीला कसा येईल, असा त्याचा सवाल असतो. दुसऱ्या पक्षाला ही तुलना म्हणजे आत्मनिंदेची आयती संधी वाटते. २०२० च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दरडोई उत्पन्नात बांगलादेश त्या वर्षी भारताच्या किंचित पुढे जाईल असा अंदाज वर्तविला, तेव्हा या दोन्ही पक्षांचे दर्शन एकाच वेळी घडले होते. आम्हांला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. दोन गरीब देशांची तुलना करावयाची ती कोण श्रेष्ठ हे ठरविण्यासाठी नव्हे, तर दोघांपैकी प्रत्येकाने काय साधले आणि काय गमावले हे नीट समजून घेण्यासाठी करावयाची असते.

गरीब हा शब्द काहींना खटकेल. परंतु जागतिक बँक आजही या दोन्ही देशांना कनिष्ठ मध्यम उत्पन्नाच्या गटातच बसविते. या साम्यापलीकडे मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक खंडप्राय, अनेक भाषांचा, पोलादाचे व विजेच्या यंत्रांचे कारखाने उभारणारा, ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण भागात यान उतरविणारा देश. दुसरा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी वसलेला, जवळजवळ एकभाषी, खनिजसंपत्तीत दरिद्री, पूर आणि वादळे यांनी वर्षानुवर्षे झोडपलेला. एवढे भिन्न असलेले दोन देश एकाच आकड्यावर आले कसे? त्याचे उत्तर त्या आकड्याच्या पोटात आहे. दरडोई उत्पन्नात आणि शाळेत जाण्याच्या अपेक्षित वर्षांत त्या अहवालाप्रमाणे भारत पुढे आहे. सरासरी आयुर्मानात मात्र बांगलादेश पुढे आहे. तेथील माणूस सरासरीने आपल्यापेक्षा दोन वर्षांहून अधिक जगतो. अर्थात बेरीज सारखी असली, तरी बेरजेतले आकडे वेगळे आहेत.

भारताने निवडलेली वाट कोणती, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांना दिल्ली किंवा मुंबईला नेणार नाही. भोपाळ शहराच्या पूर्वेकडील सोनागिरी या वसाहतीकडे त्यांनी लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. (दतिया जिल्ह्यातील सोनागिरी हे जैनांचे तीर्थक्षेत्र वेगळे, ही सोनागिरी म्हणजे पिपलानीला लागून असलेली शहरी वस्ती.) येथे तीर्थ नाही की प्रेक्षणीय स्थळ नाही. परंतु स्वतंत्र भारताने विकासाची जी कल्पना मनाशी बाळगली, तिचे यश आणि अपयश या एका वस्तीच्या आसपास जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

ऑगस्ट १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या साहाय्याने भोपाळला तिचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे १९७४ साली ही कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'भेल'मध्ये, विलीन झाली. जलविद्युत केंद्रांची टर्बाइने, जनित्रे, रोहित्रे अशी अवजड यंत्रे येथे तयार होऊ लागली. एकेकाळी जी यंत्रे परदेशांतून मागवावी लागत, ती आपल्या देशात घडू लागली. एप्रिल २०१८ मध्ये देशातील प्रत्येक गावात वीज पोहोचल्याची घोषणा झाली. त्या घोषणेमागे भोपाळसारख्या कारखान्यांच्या कित्येक दशकांच्या श्रमांचा मोठा वाटा आहे, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे.

कारखान्याबरोबर एक नवे नगरही वसले. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भागांत कामगारांसाठी घरे झाली, शाळा झाल्या, कस्तुरबा रुग्णालय झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे शेजारी राहू लागली, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतली मुले अभियंते व डॉक्टर झाली. जवळच गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठे पूरक उद्योग उभे राहिले. त्या उद्योगांतील कामगारांसाठी सोनागिरीत राज्य कामगार विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, रुग्णालय आहे. या योजनेचा कायदा १९४८ चा. कामगाराच्या आणि मालकाच्या वर्गणीतून ही योजना चालते. २०१९ च्या जुलैपासून मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का द्यावयाचा असतो. त्याच्या मोबदल्यात आजारपणात औषधोपचार, रजेच्या काळातील पगार, बाळंतपणाचा खर्च, कामावर अपघात झाल्यास भरपाई आणि मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते. ही भीक नव्हे, दयाही नव्हे. हा हक्क आहे. गरीब देशाने आपल्या कामगाराला असा हक्क स्वातंत्र्यानंतर अवघ्या एका वर्षात कायद्याने द्यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

मग उणे कोठे राहिले? उणे राहिले ते त्या हक्काच्या सीमेवर. ईएसआयचे कवच दहा किंवा त्याहून अधिक माणसे जेथे कामाला आहेत, अशा आस्थापनांतील विशिष्ट वेतनापर्यंतच्या कामगारांना मिळत आले. २०२३ च्या सुमारास देशभरात या योजनेखाली विमा उतरविलेल्यांची संख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती. आपल्या देशात पोटासाठी राबणारे हात पन्नास कोटींहून अधिक आहेत. सरकारी नोकर, लष्करातले जवान आणि मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी यांच्या वेगळ्या सोयी हिशेबात धरल्या, तरी शेतमजूर, गवंडी, हमाल, मोलकरीण, फेरीवाला ही सारी माणसे या कुंपणाच्या बाहेरच राहिली. त्याच भोपाळ शहरात भेलची वसाहत आणि रेल्वेमार्गाकडेची झोपडपट्टी शेजारी शेजारी नांदत आल्या; परंतु एकीच्या सोयी दुसरीच्या दारापर्यंत कधी आल्या नाहीत.

या कुंपणाचा परिणाम आकड्यांत वाचावयाचा असेल, तर मध्य प्रदेशाचेच उदाहरण पुरेसे आहे. २०२३ च्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे जन्मलेल्या प्रत्येक हजार बालकांपैकी देशात २५ बालके वर्ष पुरे होण्याआधी मृत्यू पावली. मध्य प्रदेशात हा आकडा ३७ होता, म्हणजे छत्तीसगढ व उत्तर प्रदेश यांच्याबरोबरीने देशात सर्वांत वाईट. केरळात तो ५ होता. टर्बाइने घडविणाऱ्या भोपाळचे राज्य बालकांना जगविण्यात तळाशी असावे, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. अवजड उद्योगाने राष्ट्राचे सामर्थ्य वाढते हे खरे. परंतु खेड्यातील बाळंतिणीच्या खाटेपर्यंत ते सामर्थ्य आपोआप झिरपत जात नाही.

आता दुसऱ्या देशाकडे वळू. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक माणसे प्राणास मुकली, असे मानले जाते. त्यानंतर वर्षभरात नरसंहार, युद्ध आणि एक कोटी निर्वासितांचे हाल. आणि १९७४ साली दुष्काळ. हा देश जगणार तरी कसा, असा प्रश्न तेव्हा जगातील शहाणी माणसे उघडपणे विचारीत होती. कारखाने उभारावयास त्याच्यापाशी भांडवल नव्हते, तंत्रज्ञ नव्हते, लोखंड नव्हते. थोरल्या गोष्टी अशक्यच होत्या. म्हणून असेल, परंतु त्याने धाकट्या गोष्टी मनावर घेतल्या.

त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण हगवणीवरील उपचाराचे आहे, आणि त्याच्या इतिहासात भारताचाही मानाचा वाटा आहे. मीठ, साखर व पाणी यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण पाजून पटकीचा रोगी वाचविता येतो, हे ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत १९६८ च्या सुमारास सिद्ध झाले होते. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला आणि तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. भारत सरकारने त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले. मात्र हे ज्ञान घरोघरी नेण्याचे काम बांगलादेशाने अधिक जिद्दीने केले. फझले हसन आबेद यांनी १९७२ साली स्थापिलेल्या 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या १९८० ते १९९० या दशकात गावोगाव हिंडल्या. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढाच त्यांचा पाठ होता. सव्वा कोटीच्या आसपास घरांतील आयांना तो त्यांनी शिकविला. कार्यकर्तीचे वेतन किती घरांना भेटी दिल्या यावर ठरत नसे. शिकविलेले त्या आईच्या किती लक्षात राहिले, हे नंतर तपासून त्यावर ठरे. आपल्याकडील कित्येक सरकारी मोहिमांनी हा एक नियम उचलला असता, तरी पुष्कळ काही साधले असते.

असेच कुटुंबनियोजनाचे झाले. दार ठोठावणाऱ्या स्त्री कार्यकर्त्यांच्या द्वारा १९७० च्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीमागे सहाहून अधिक असलेले अपत्यांचे प्रमाण २०११ पर्यंत अडीचच्या खाली आले, आणि तेही आणीबाणीत आपल्याकडे झाली तशी जबरदस्तीची नसबंदी न करता. लसीकरण वाढले. उघड्यावर शौचास जाण्याची प्रथा २०१५ पर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. आपल्या २०११ च्या जनगणनेत निम्म्या घरांना शौचालय नव्हते आणि त्याची मोठी मोहीम आपण २०१४ नंतर हाती घेतली. १९९० साली बांगलादेशात दर हजारी सुमारे १४५ बालके पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. भारतात हे प्रमाण सुमारे १२६ होते. आज दोन्ही देश तिसाच्या आसपास आले आहेत. जो मागे होता तो बरोबरीला आला, आणि तेही कमी उत्पन्नात. अमर्त्य सेन व जाँ द्रेझ यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात या गोष्टीकडे भारतीयांचे लक्ष वेधले होते. तेव्हा त्यावर टीका पुष्कळ झाली, बोध थोडा घेतला गेला.

परंतु दुरून डोंगर साजरे दिसतात, हेही येथे विसरून चालणार नाही. स्वच्छ पाण्यासाठी बांगलादेशाने १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खणल्या. त्यांतील पुष्कळशा पाण्यात सोमल असल्याचे १९९३ नंतर उघडकीस आले आणि कोट्यवधी लोक विषारी पाणी पीत असल्याचे आढळले. मुलींचे अठरा वर्षांच्या आत विवाह होण्याचे प्रमाण तेथे निम्म्याच्या घरात राहिले. भारतात ते २०१९-२१ च्या पाहणीत २३ टक्के होते. आणि ज्या तयार कपड्यांच्या उद्योगाने चाळीस लाखांच्या आसपास लोकांना, त्यांतही मुख्यतः स्त्रियांना, रोजगार दिला, त्या उद्योगाने त्यांच्या जिवाची किंमत किती धरली, हे २४ एप्रिल २०१३ रोजी जगाने पाहिले. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत त्या दिवशी कोसळली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. त्या इमारतीतील बँकेने आपली माणसे घरी पाठविली; शिवणयंत्रांवरच्या बायकांना मात्र कामावर बोलाविण्यात आले. ११३४ माणसे ठार झाली.

हे वाचून ज्या भारतीय वाचकाला आपण बरे असे वाटेल, त्याने पुन्हा भोपाळला यावे. सोनागिरीपासून काही किलोमीटरांवर, शहराच्या उत्तर भागात, युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना होता. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथील टाकीतून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू शोषून घेणारी यंत्रणा निरुपयोगी ठरली, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून या धोक्याचा इशारा लेखांमागून लेख लिहून दिला होता. ते तडेही आदल्या दिवशी दिसलेले होते, असेच म्हणावयाचे! शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग गॅसबाधित ठरविले गेले. सरकारी हिशेबाने पाच हजारांहून अधिक आणि बाधितांच्या संघटनांच्या मते त्याच्या कितीतरी पट माणसे मेली. कारखान्याच्या फाटकासमोरच्या जयप्रकाश नगरासारख्या झोपडवस्त्यांवर पहिला घाला पडला. भेलची बाजू प्रामुख्याने बचावली. ज्यांना संरक्षण होते ते वाचले आणि ज्यांना नव्हते ते मेले, हा वाऱ्याच्या दिशेचा योगायोग होता हे खरे. परंतु विषाच्या टाकीला खेटून राहण्याची पाळी कोणावर येते, हा योगायोग नसतो.

पुढे काय झाले, याची तुलना तर अधिकच उद्बोधक आहे. भोपाळप्रकरणी फेब्रुवारी १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पावणेसहा लाखांच्या आसपास दावे मान्य झाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला प्रथम पंचवीस हजार आणि पुढे आणखी तेवढेच रुपये आले. जून २०१० मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, हयात असलेल्या सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ते लगेच जामिनावर सुटले. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा हलविण्यास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. तो पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला, आणि तेथील लोकांनीही साहजिकच विरोध केला. उलटपक्षी राणा प्लाझाच्या दुर्घटनेनंतर महिन्याभरातच जागतिक कपडे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला, शेकडो कारखान्यांची तपासणी झाली आणि २०१५ च्या जूनपर्यंत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली तीन कोटी डॉलरांचा भरपाई निधी पुरा झाला. हा निधी फार मोठा नव्हता आणि त्या सुधारणेमागे परदेशी गिऱ्हाइकांच्या नाराजीची भीती होती, हे उघड आहे. तरीही दोन वर्षे आणि चाळीस वर्षे यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही.

तथापि बांगलादेशाच्या यशाची दुसरी मर्यादा ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झाली. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध सुरू झालेले विद्यार्थ्यांचे आंदोलन शेख हसीना यांच्या राजवटीने गोळ्यांनी दडपण्याचा प्रयत्न केला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाच्या अंदाजानुसार चौदाशेपर्यंत माणसे मारली गेली असावीत. अखेरीस ५ ऑगस्टला त्यांना देश सोडावा लागला. त्यानंतरच्या अराजकात अल्पसंख्य हिंदूंची घरे व मंदिरे यांवर हल्ले झाले, ही वेदना आमच्या वाचकांना निराळी सांगावयास नको. ज्या देशाने बालकांना जगविले, त्याने तीच बालके तरुण झाल्यावर त्यांना काम दिले नाही, निर्भयपणे बोलण्याची मुभा दिली नाही आणि मतपेटीतून सत्तापालट करण्याचा मार्गही खुला ठेवला नाही. भारतात हा मार्ग, कितीही खाचखळग्यांचा असला, तरी खुला राहिला आहे. मानव विकासाच्या निर्देशांकात या गोष्टीला गुण नाहीत. परंतु राष्ट्राच्या आयुष्यात तिचे मोल फार मोठे आहे.

या साऱ्यावरून आम्ही काढतो तो निष्कर्ष सरळ आहे. बांगलादेशाने थोड्या पैशांत सर्वांच्या दारापर्यंत जाण्याची विद्या साधली. परंतु दाराबाहेर पडून कामावर गेलेल्या माणसाचे रक्षण त्याला करता आले नाही. भारताने कामावरच्या माणसाच्या रक्षणाची उत्तम व्यवस्था निर्माण केली. परंतु ती मूठभरांपुरती राखली आणि उरलेल्यांच्या दारापर्यंत जाण्यास उशीर लावला. दोघांनीही अर्धे अर्धे काम केले, म्हणून दोघांचा क्रमांक एक. मूल जगले पाहिजे आणि कामावर गेलेला माणूस संध्याकाळी धडपणे घरी आला पाहिजे, या दोन कसोट्या ज्या दिवशी एकत्र लावल्या जातील, त्या दिवशी चौथी अर्थव्यवस्था की तिसरी, हा वाद आपोआपच गौण ठरेल.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. बहुविध दारिद्र्याच्या नीती आयोगाने २०२३ साली काढलेल्या अहवालात मध्य प्रदेशातील २०.६३ टक्के लोक दरिद्री ठरले होते. गोव्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. २०२० साली मध्य प्रदेशात हजारी ४३ बालके वर्षाच्या आत दगावली, गोव्यात ५. एकाच राष्ट्रध्वजाखाली हेही दोन भिन्न देशच म्हणावयाचे. मुक्तीनंतर गावोगाव पोहोचलेल्या प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्रे यांचे हे फळ आहे आणि त्याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु या आकड्यांत गोव्याच्या बांधकामांवर, मासेमारीच्या ट्रॉलरवर आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबणारा परप्रांतीय मजूर किती धरला जातो? तो येतो त्या दुसऱ्या देशातून, राबतो आपल्या देशात, आणि आजारी पडला की परत जातो. त्याचे दुखणे आपल्या सरासरीत दिसत नाही.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री बार्देशातील हडफडे येथे एका नाइटक्लबला आग लागली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य तेथे नोकरीला असलेले, अन्य राज्यांतून व नेपाळातून पोटासाठी आलेले कर्मचारी होते. भोपाळच्या त्या रात्रीला तेव्हा एक्केचाळीस वर्षे पुरी होऊन चारच दिवस झाले होते. येथेही परवाने, बाहेर पडण्याच्या वाटा, तपासणी यांची चर्चा आग विझल्यावर सुरू झाली. दारिद्र्याच्या तक्त्यात जवळजवळ शून्यावर असलेल्या गोव्यातही राणा प्लाझा आणि कार्बाइडचे कारखाने लहान प्रमाणात वसू शकतात, हे त्या रात्रीने आपल्याला दाखविले आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता अंमलात आणल्या. ईएसआयचा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. धोक्याच्या उद्योगात एकच कामगार असला तरी त्याला विम्याचे कवच देण्याची तरतूद तीत आहे, आणि मोबाइलवरील मागणीनुसार घरपोच माल देणाऱ्या कामगारांचाही विचार तीत प्रथमच झाला आहे. या संहितांवर कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत व त्यांची दखल घेतली गेलीच पाहिजे. परंतु सोनागिरीच्या रुग्णालयात काही लाखांना जे मिळते ते कोट्यवधींपर्यंत नेण्याचा मार्ग निदान कागदावर तरी दिसू लागला आहे. तो जमिनीवर उतरावयाचा असेल, तर कार्यकर्तीने किती घरांना भेटी दिल्या हे न विचारता आईच्या काय लक्षात राहिले हे विचारणारी शेजाऱ्याची रीत आपल्याला शिकावी लागेल. तपासनीसाने किती कारखाने पाहिले याचा अहवाल नको. किती कामगारांच्या हाती विम्याचे ओळखपत्र आले आणि किती इमारतींचे मागचे दार उघडते, याचा हिशेब हवा.

भोला वादळात लाखो माणसे गमाविणाऱ्या बांगलादेशाने निवारे बांधून आणि स्वयंसेवक तयार करून २००७ च्या सिद्र चक्रीवादळातील मृत्यू सुमारे साडेतीन हजारांवर रोखले. आपल्या ओडिशाने १९९९ च्या महावादळानंतर तेच केले आणि २०१३ च्या फायलिनमध्ये मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. निसर्ग आणि तौक्ते ही वादळे अनुभवलेल्या आपल्या किनाऱ्याला या गोष्टीचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. गरीब देशसुद्धा शिकू शकतो, आणि तो शेजाऱ्याकडून शिकला तर त्यात कमीपणा नाही. गोवा शासनाने हडफड्याच्या दुर्घटनेनंतर हाती घेतलेली सुरक्षा तपासणी हंगामापुरती न राखता कायमची करावी, आणि राज्यात राबणाऱ्या प्रत्येक परप्रांतीय कामगाराची विम्यासह नोंद करण्याचे काम येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावे, अशी आमची मागणी आहे.